कबरीच्या तोंडचा धोंडा

मित्रांनो, मी एक जुना धोंडा आहे. धोंडा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे डोंगरातला नाहीतर नदीतला दगड आला असेल. तसला मी नव्हे. मी बांबूच्या कामट्या, गोणपाट, रद्दीचा कागद आणि खळ यांचा बनलेला आहे. वरून राखाडी रंग, आत नुसती पोकळी. मला तळ नाही. एक बुटका माणूस माझ्या आत उकिडवा बसतो, दोन मुठी धरून मला जमिनीपासून जरासा उचलतो आणि बदकासारखा चालत बाजूला होतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, धोंडा आपोआप सरकला.

माझं काम सांगतो. प्रभू येशूला शुक्रवारी क्रुसावर मारलं, कबरीत ठेवलं आणि कबरीच्या तोंडाशी एक भलाथोरला धोंडा लोटला. रविवारी पहाटे काही बायका तिथे गेल्या, तर धोंडा बाजूला झालेला आणि आत कोणी नाही. जी माणसं हे मानतात त्यांचा सगळा जीव त्या रिकाम्या कबरीत अडकलेला असतो. ती भरलेली असती, तर त्यांची स्वतःची माणसंही मातीत गेली ती गेलीच. म्हणून दर ईस्टरला आमच्या चर्चमधले लोक तो प्रसंग करून दाखवतात. त्या नाटकातला धोंडा मी.

माझ्या आधी धोंडा पडद्यावर रंगवलेला असायचा. एका वर्षी वारा सुटला, पडदा उडून फादरांच्या डोक्यावर गेला, आणि मेलेले प्रभू सगळ्या भाविकांसमोर केळं खाताना सापडले. प्रभूचं काम बेकरीवाला करायचा. तो भट्टी आटपून तसाच उपाशी आला होता, त्याला तरी काय बोलणार? पण मागच्या बाकावरची माणसं खिदळली, आणि फादर म्हणाले, पुढच्या वर्षी काहीतरी भक्कम पाहिजे.

ते काम पेटीवाल्याकडे आलं. पेटीवाला म्हणजे शवपेट्या करणारा सुतार. हात चांगला, पण सवय एकच. कामाला लागायचं तर आधी माणसाचं माप घ्यायचं.

"आत कोण बसणार?" त्यानं विचारलं.

कुणीतरी चावीवाल्याला पुढे ढकललं. हा बाजाराच्या कोपऱ्यावर किल्ल्या करून द्यायचा. अंगानं एवढासा, बोटांना कायम पितळेच्या किसाचा वास. पेटीवाल्यानं टेप काढून त्याच्या खांद्याला लावली.

"जरा लांबूनच घे रे," चावीवाला म्हणाला. "तू टेप लावलेला माणूस परत उठलेला मी पाहिला नाही."

"घाबरतोस कशाला? तुझं माप मी केव्हाचं नजरेनं घेऊन ठेवलंय. ही टेप आपली लोकांना दाखवायला."

असा मी चावीवाल्याच्या अंगाबरहुकूम तयार झालो. फक्त दाराचं माप राहून गेलं. पेटीवाल्याचा माल आजवर कुठल्याही दारातून निघालाच होता, त्यामुळे दार मोजायचं असतं हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. मी चर्चच्या दारात अडकलो, अर्धा आत आणि अर्धा बाहेर. आतले मला बाहेर ढकलत होते, बाहेरचे आत ढकलत होते, आणि दोन्हीकडचे म्हणत होते की हा काही हलत नाही. त्या सकाळी एका बाळाचा बाप्तिस्मा होता. बाळ आत राहिलं आणि फादर बाहेर. शेवटी बाळाला खिडकीतून बाहेर काढलं.

मग नाटक अंगणात गेलं. चर्चच्या भिंतीला टेकून गोणपाटाची गुहा केली, तिच्या तोंडाशी मला ठेवलं. लोक म्हणाले, वा, फादरांना काय सुचलंय, उघडं आभाळ, समोर उगवता सूर्य. फादरांनी मान खाली घालून ते कौतुक घेतलं.

मला बघायला भोकही नव्हतं. पेटीवाल्याचं म्हणणं, आतल्या माणसाला बाहेर बघायची गरज काय? आजवर कुणी तक्रार केली नव्हती. त्यामुळे चावीवाला आत बसला की त्याला काही म्हणजे काही दिसायचं नाही. तो फक्त कानांवर चालायचा. खूण एकच ठरली होती. कबरीकडे येणाऱ्या बायकांपैकी एक जण, मरीया, थांबून म्हणायची, "बायांनो, एवढा मोठा धोंडा आपल्याला कोण बाजूला करून देणार?" हे वाक्य पडलं की चावीवाल्यानं मला उचलायचं.

आणि ते वाक्य म्हणायची त्याची बायको.

ती उंच, रुंद, खणखणीत आवाजाची. तिनं हे वाक्य म्हटलं की ते धार्मिक वाटायचंच नाही. घरातलं काम पडून आहे आणि नवरा ऐकून न ऐकल्यासारखं करतोय, असं वाटायचं. पहिल्याच वर्षी चावीवाल्याला ते ऐकून एवढी घाई झाली की तो मला घेऊन उजवीकडे जायच्या ऐवजी सरळ पुढे आला. बायका सुगंधी तेलाच्या बाटल्या टाकून पळाल्या. मी त्यांच्या मागे. चावीवालीच तेवढी जागची हलली नाही. तिनं माझ्यावर हात ठेवला आणि दबक्या आवाजात म्हणाली, "उजवीकडे म्हटलं होतं ना? की लग्नापासून अजून उजवं-डावं कळत नाही?"

"अगं, दिसत नाही."

"मला दिसतंय ना. वळ."

तो वळला. लोकांना वाटलं, मरीयेनं धोंड्याला आज्ञा केली. कित्येकांच्या डोळ्यांत पाणी आलं.

मित्रांनो, ते माझे चांगले दिवस होते. चांगले म्हणजे धड कधीच काही झालं नाही, पण लोक यायचे. देवदूताचं काम पोस्टमनकडे होतं. मी सरकलो की त्यानं माझ्यावर बसून 'तो इथे नाही, उठला आहे' असं सांगायचं. पोस्टमन एका वर्षी असा काही ऐटीत बसला, की माझं गोणपाट फाटून कमरेपर्यंत आत आला. वर अर्धा देवदूत, खाली त्याचे बूट चावीवाल्याच्या मांडीवर. पोस्टमननं तशाच अवस्थेत आनंदाची बातमी दिली. माझ्या पाठीवरचं ते ठिगळ अजून आहे, पेटीवाल्यानं पेटीच्या आतलं पांढरं कापड लावून बुजवलेलं.

दुसऱ्या एका वर्षी चावीवाल्यानं वेळ जाईना म्हणून आत कानस आणली आणि एका गिऱ्हाइकाची किल्ली घासायला घेतली. कबरीतून खर्र खर्र ऐकून पहिल्या रांगेतली एक म्हातारी देवाचा धावा करायला लागली. घरी गेल्यावर बायकोनं त्याला काय सुनावलं ते त्यानं मला पुढच्या वर्षी सांगितलं.

"म्हणाली, प्रभू मरून पडलेत आणि तू बाजूला दुकान मांडलंस. म्हणाली, घरातलं कपाट सरकवायला सांगितलं की तुझी कंबर धरते, आणि तिथे बरा धोंडा सरकतो."

मला हसता येत नाही. पण माझ्या कामट्या करकरल्या.

अंधारात बसून तो मला असं सगळं सांगायचा. बाहेर फादरांचं वाचन चाललेलं असायचं, आत याचं. मला त्याच्याकडून कळलं की त्याला पोरबाळ झालं नाही, की घराची किल्ली कायम बायकोच्या कमरेला असायची, आणि हा जगाच्या किल्ल्या करणारा माणूस रोज संध्याकाळी स्वतःच्या दाराची कडी वाजवायचा. "आतून आवाज येतो, आले, आले," तो म्हणायचा. "तेवढ्यासाठी मी दुसरी किल्ली केलीच नाही."

मग एका थंडीत तिला खोकला लागला. मला हे सगळं नंतर कळलं. खोकला छातीत उतरला. नर्सबाई रोज घरी येऊन इंजेक्शन द्यायच्या. ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ लागला तेव्हा ती उठून बसत नव्हती, आणि तो संपायच्या आत ती गेली. पेटीवाल्यानं टेप आणली नाही. आला, दारात उभा राहिला, टोपी हातात घेतली आणि गेला. दुपारी पेटी आली. मापाला बरोबर होती.

दफनाहून परतल्यावर चावीवाला आपल्या दाराशी आला, निघताना कुणीतरी कुलूप दाबून लावलं होतं, आणि त्याच्या लक्षात आलं की किल्ली बायकोच्या कमरेला राहिली. नेहमीचा पेहराव अंगावर चढवून तिला निजवलं होतं. घाईत कुणी बघितलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, चावीवाल्याला कुलूप उघडायला कितीसा वेळ? शेजारीही तेच म्हणाले. एक जण म्हणाला, "अहो, कुलपात घालायला तार देऊ का?" दुसऱ्यानं हसू दाबलं, मग दोघांनाही लाज वाटली. चावीवाला पायरीवर बसून राहिला. त्याला कुलूप उघडता येत नव्हतं असं नाही. कडी वाजवली तर आतून आवाज येणार नव्हता, आणि न वाजवता आत जायची त्याला सवय नव्हती. अंधार पडायला लागला तेव्हा बेकरीवाल्यानं त्याला हाताला धरून आपल्या घरी नेलं.

आणि मग ईस्टर आला.

फादर त्याला म्हणाले होते की यंदा नाही जमलं तरी चालेल, दुसरं कुणी बघू. पण दुसरं कुणी मावेना. पोस्टमन तर खांद्यापाशीच अडकला. मी चावीवाल्याच्या मापाचा, त्याला काय इलाज? पहाटे तो आला. वाकून आत शिरला, मुठी धरल्या आणि बसला. मी वाट बघत होतो की काहीतरी सांगेल. त्याच्या अंगाला पितळेचा वासही नव्हता. दुकान उघडलंच नसावं.

बाहेर वाचन झालं. पावलं वाजली. बायका थांबल्या. यंदा ते वाक्य नर्सबाईंना दिलं होतं. भली बाई, पण आवाज दवाखान्याचा. "बायांनो, एवढा मोठा धोंडा आपल्याला कोण बाजूला करून देणार?" त्यांनी असं म्हटलं की जणू पुढच्या पेशंटला आत बोलावत होत्या.

चावीवाला हलला नाही.

नर्सबाईंना वाटलं ऐकू गेलं नाही. त्यांनी पुन्हा म्हटलं, जरा चढ्या आवाजात. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्या खेपेला "अहो" जोडलं.

त्यानं माझ्या मुठी घट्ट धरल्या होत्या, पण तो मला उचलत नव्हता. माझ्या मागून, गुहेतून, बेकरीवाल्याची कुजबुज आली. "अरे, सरकव की. चादरीत जीव घुसमटतोय माझा."

"पड गप," चावीवाला म्हणाला. "मेलेला आहेस तू."

"मेलेलाच आहे, पण रविवार उजाडलाय."

"कुणाचा उजाडलाय?"

अंगणात चुळबुळ सुरू झाली. पोस्टमन पंख लावून भिंतीआड उभा होता, त्यानं तिथूनच "तो इथे नाही" असं म्हणून टाकलं. फादरांनी त्याला डोळ्यांनी दटावलं असावं, कारण पुढचं वाक्य आलं नाही. मग फादरांच्या वहाणांचा आवाज माझ्याजवळ आला. ते खाली बसले. त्यांचे गुडघे वाजले.

"चावीवाले, झोप लागली का?"

"जागा आहे, फादर."

"मग? लोक खोळंबलेत. सूर्य वर आला."

"त्याला कोण अडवतंय? येऊ दे."

"बरं वाटत नाहीये का?"

चावीवाल्यानं एक मूठ सोडून मला आतून टिचकी मारली. मग म्हणाला, "फादर, हा पुठ्ठ्याचा धोंडा आहे. हा मी सरकवतो. तिच्यावर जी माती घातलीय ती कोण सरकवणार?"

"प्रभू सरकवेल. त्या दिवशी."

"कुठल्या दिवशी?"

फादरांनी शुक्रवारी यावरच तासभर प्रवचन दिलं होतं. लोकांना ते फार आवडलं होतं. पण आता ते गोणपाटाशी तोंड नेऊन बसले होते, आणि तासभराचं बोलणं त्यांना एका श्वासात सांगता येईना. ते म्हणाले, "तो दिवस मला माहीत नाही."

"मग मलाही सरकवता येत नाही," चावीवाला म्हणाला. "तिनं विचारलं असतं तर सरकवला असता."

इतक्यात भलतंच झालं. गाणाऱ्या बायकांपैकी एकीनं मान वळवली आणि तिला पाण्याच्या टाकीमागून येशू येताना दिसले. बेकरीवाला गुहेच्या मागचं गोणपाट वर करून, भिंतीला घासत, चादर सांभाळत बाहेर पडला होता. केसांत कोळिष्टकं, कोपर खरचटलेलं. त्या बाईला इतक्या वर्षांची सवय. प्रभू दिसले की आलेलुया म्हणायचं. तिनं सूर लावला. बाकीच्यांनी धरला. सगळे माझ्याकडे टक लावून बसले होते, आणि उठलेले प्रभू त्यांच्या पाठीमागून आले. लोक गोंधळून मागे वळले. काही जण चुकीच्या बाजूला गुडघे टेकून बसले होते, ते तसेच फिरले. पोस्टमन धावत आला, पण बसायला सरकलेला धोंडा नव्हता. तो उभ्यानंच म्हणाला, "उठला आहे."

मिस्सा, म्हणजे ईस्टरची उपासना, माझ्याशिवाय झाली. पहिल्यांदाच ईस्टर होऊन गेला आणि मी कबरीच्या तोंडाशी तसाच होतो, बंद. लोक एकमेकांना शुभेच्छा देऊन घरी गेले. माझ्याजवळून जाताना त्यांची बोलणी बंद व्हायची आणि पुढे गेल्यावर सुरू व्हायची. चावीवाला आतच होता. मला वाटलं, हा आता निघणार नाही. माणूस मेल्यावर पेटीत जातो, हा जिवंतपणी माझ्यात राहणार. मी त्याच्या मापाचाच होतो.

ऊन तापल्यावर बेकरीवाला आला. माझ्या कडेखालून त्यानं चहाचा कप आत सारला आणि बाहेर मातीतच बसला.

"चादर बदलली नाहीस?" आतून आवाज आला.

"फाटलीय. बायको बघेल तेव्हा बघेल."

चहाचे घोट ऐकू आले. मग चावीवाल्यानं विचारलं, "ती उठेल का रे?"

"मला काय विचारतोस? मी पाव भाजणारा माणूस."

"आज तू तो आहेस."

"तो असतो तर सांगितलं नसतं का? तुझ्या दारात येऊन सांगितलं असतं." बेकरीवाल्यानं नाक ओढलं. "तुला एक सांगू? मी दर वर्षी त्या गुहेत पडतो ना, तेव्हा मला काही प्रभूसारखं वाटत नाही. मेल्यासारखं मात्र वाटतं. चादरीचा वास, काळोख. बाप आठवतो. माझी धाकटी आठवते, तापानं गेली ती. वाटतं, असंच पडून राहायचं असतं आणि हेच खरं आहे. मग बाहेरून तुझी बायको ओरडते, तू धोंडा हलवतोस, आणि कडेनं उजेडाची चीर आत येते. एवढीशी. ती अंगावर आली की मी मानतो. वर्षभर. भट्टीपुढे असलो तरी मानतो. फादरांच्या प्रवचनानं माझं काही होत नाही, खरं सांगतो. त्या चिरेवर माझं चालतं." त्यानं फाटकी चादर खांद्यावर ओढली. "आज तू ती दिली नाहीस. म्हणून मी मागून पळालो. तिथे पडवेना."

माझ्या कडेखालून रिकामा कप बाहेर आला.

"मला पाहिजे ती," बेकरीवाला म्हणाला. "एवढं वर्ष कसं काढू?"

तो उठला, टाकीमागून गेला, आणि मला गुहेत गोणपाटाची सळसळ ऐकू आली. तो परत आत जाऊन पडला होता. अंगणात चिटपाखरू नव्हतं. एवढा मोठा माणूस, भर उन्हात, फाटक्या चादरीत, कुणी बघायला नसताना.

"सरकव," तो आतून म्हणाला.

"विचारायला ती नाही."

"मग मी विचारतो."

"तू कसा विचारशील? तू प्रभू आहेस. आत पडलेला माणूस विचारत नसतो."

"दुसरं कोण विचारणार, बाबा? आत पडलाय त्यालाच तर विचारायचं असतं." आणि बेकरीवाल्यानं ते वाक्य म्हटलं. बायकांचं, नाटकातलं. त्याला धड पाठही नव्हतं. "एवढा मोठा धोंडा आहे," तो म्हणाला, "कुणी बाजूला करणार आहे का?"

चावीवाल्यानं मला उचललं. खूप हळू. उजवीकडे. मी गुहेच्या तोंडापासून बोटभर सरकलो, मग वीतभर, मग पुरता बाजूला झालो. आतून हुंदका ऐकू आला, तो कुणाचा ते मी सांगू शकत नाही, कारण त्याच वेळी चावीवाला माझ्या खालून सरपटत बाहेर निघाला होता.

"आली का चीर?" त्यानं विचारलं.

"आली."

"मला काही दिसली नाही."

"तू बाहेर उभा आहेस, उन्हात. तुला कशी दिसेल?"

चावीवाल्यानं वाकून गुहेत पाहिलं. बेकरीवाला उठून बसला होता, तोंड पुसत होता. मग तोही बाहेर आला, आणि दोघं त्या रिकाम्या गुहेकडे बघत राहिले. मातीवर चादरीची दुमड उमटलेली, बाकी काही नाही.

"घरीही असंच रिकामं आहे," चावीवाला म्हणाला.

"ते वेगळं."

"कसं वेगळं?"

बेकरीवाल्यानं कप उचलला. दोघं गेले.

मित्रांनो, त्या दिवशी चावीवाल्याला श्रद्धा परत मिळाली असं मी तुम्हाला सांगणार नाही. मला ते माहीत नाही. मला एवढंच माहीत आहे की पुढच्या ईस्टरला तो आला, आणि त्याच्या पुढच्याही. आत बसल्यावर तो आता बायकोबद्दल 'होती' म्हणायचा नाही, 'आहे'ही म्हणायचा नाही. मधलाच काहीतरी शब्द शोधत थांबायचा. मग नर्सबाईंचं वाक्य पडायचं आणि तो मला उचलायचा. मुठी धरताना त्याचे हात दर वेळी थंडगार असायचे. पण उचलायचा.

पुढे त्याचे गुडघे गेले. बेकरीवाला गेला. त्याची पेटी करायला पेटीवालाही राहिला नव्हता, ती दुकानातून तयार आली आणि पायाकडे सैल झाली म्हणे. नवे फादर आले, त्यांनी मोटरवर चालणारा फायबरचा धोंडा आणला. त्याला रिमोट आहे. पहिल्याच शुक्रवारी, सगळे शांतपणे क्रुसाचं चुंबन घेत असताना, कुणीतरी अंगणाच्या फाटकाच्या रिमोटचं बटण दाबलं आणि फाटकाऐवजी धोंडाच आपोआप सरकला. प्रभूला अजून खाली उतरवलंही नव्हतं. पण लोकांना तो आवडतो. खरा वाटतो म्हणतात.

मला टाकीशेजारी आडवा टाकला. पावसानं माझा रंग गेला, खळ सुटली, कागद फुगला. उंदरांनी एका बाजूनं वाट केली. मी आडवा असल्यामुळे माझी तळाची बाजू आता तोंडासारखी उघडी दिसते, गुहेसारखी. येणारे-जाणारे त्यात कागदाचे कप टाकतात.

आणि कधीकधी तो येतो. काठी टेकत. पाय आत घेता येत नाहीत म्हणून ते बाहेर पसरतो, बाकीचा माझ्यात असतो. आधी कप बाहेर काढतो. मग बसून राहतो. कधी पुटपुटतो. एकदा त्यानं खणखणीत आवाजात, अगदी तिच्या सुरात, विचारलं, "कोण बाजूला करून देणार?" मग बराच वेळ कान देऊन ऐकत होता. कबरस्तान भिंतीपलीकडेच आहे. काही ऐकू आलं नाही. पण कान देऊन ऐकणाऱ्या माणसाचा चेहरा मी जवळून पाहिला आहे. तसं ऐकणं न मानणाऱ्याला जमत नाही.

काल नवे फादर आणि दोन माणसं माझ्याजवळ येऊन उभी राहिली. ईस्टरच्या आदल्या दिवशी, शनिवारी सूर्य मावळल्यावर, चर्चबाहेर नवा विस्तव पेटवतात. त्यावरून मोठी मेणबत्ती लावतात आणि ती काळोख्या चर्चमध्ये नेतात. एक जण मला पायानं ढोसून म्हणाला, "हा सुका आहे आतून. चांगला धरेल." फादर म्हणाले, "चालेल." मला उचलायचीही गरज नाही, इथेच पेटवू, असं ठरलं.

माझं मला काही वाटत नाही. पुठ्ठ्याला कसलं आलंय पुनरुत्थान? आणि माझ्यावरून मेणबत्ती पेटणार असेल, तर मी एवढी वर्षं दारात अडकलो, बायकांच्या मागे धावलो, ते सगळं माफ झालं म्हणायचं.

फक्त एक विनंती आहे. तुम्ही तिथे असाल तर त्या माणसांना सांगा. काडी ओढण्याआधी एकदा खाली बसा, गुडघे वाजले तरी चालतील, आणि माझ्या आत नीट डोकावून पाहा. हाक मारा. तो म्हातारा आहे, त्याला हल्ली कमी ऐकू येतं, आणि त्या वेळी तो आत असू शकतो. असला तर त्याला घाईनं ओढू नका. चहा द्या, शेजारी बसा. विस्तव थोडा उशिरा पेटला म्हणून काही बिघडत नाही.

आणि आत कोणी नसलं, तर भिऊ नका. तो इथून उठून गेला असेल.